पटरचा दांडा, बकऱ्याची दोरी

पैज लागली ती मांजरीवरून. देवनारच्या आमच्या सोसायटीत सेक्रेटरी नंदकुमार काकांच्या गाडीखाली मांजर घुसली होती, आणि ए विंगची कल्पिता कंपाउंडमध्ये चक्क पालथी पडून तिला गोल्फच्या काठीने ढोसत होती. तेवढ्यात गेटमधून एक गादी चालत आली. गादीखाली दोन पाय होते.

गादी म्हणाली, "अहो, पटर आहे तो. झाडू नाही."

कल्पिताने मान वर केली. "गादी, तू तुझं काम कर."

गादी खाली उतरली. मागून निघाला सम्यक, बी विंगचा नवा भाडेकरू. चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आलेला, केसात कापूस.

"दांडा वाकतो अशाने," तो म्हणाला.

"माझा दांडा, माझी मांजर."

"मांजर कोणाची का असेना, गाडी माझी आहे," नंदकुमार काका म्हणाले. त्यांच्याकडे कोणी बघितलंच नाही.

कल्पिता चेंबूरच्या गोल्फ कोर्सवर कॅडी. म्हणजे मेंबर लोकांच्या बॅगा उचलायच्या, चेंडू शोधायचे, कुठली काठी घ्या ते सांगायचं. सोमवारी मेंबर नसतात, तेव्हा कॅडी लोक खेळतात. लांबचा फटका तिचा असा जाई की बाकीचे कॅडी कपाळावर हात धरून बघत बसत. पण शेवटी चेंडू हळूच ढकलून भोकात घालायचा, त्यासाठी जी छोटी काठी असते ना, पटर... तिथे बाईची वाट लागायची. हातभर अंतरावरून चेंडू डावीकडे.

सम्यकने पटर हातात घेतला, मनगटाने पिळून बघितला. गोल्फच्या काठ्या दुरुस्त करणाऱ्या दुकानात कामाला होता तो.

"हा पिळतो. चेंडू मधोमध नाही बसला की पटरचं डोकं फिरतं. दांडा बदल. खाली स्टील, वर कार्बन, तसला येतो. स्थिर राहील, आणि हाताला पण झकास लागेल."

"म्हणजे खोट माझ्या हातात नाही, दांड्यात आहे?"

"हो."

"दुकानदार आहेस ना, अजून काय बोलणार. काही फरक पडत नाही. ना स्थिर, ना झकास."

"लाव पैज."

आता नंदकुमार काका. रिकामा वेळ आणि दुसऱ्याची फजिती, या दोन गोष्टींवर माणूस जगतो. लगेच पुढे आले. "लागली. डोळे बांधून जुना-नवा दोन्ही खेळायचे. जो हरेल त्याच्या गळ्यात दोरी, आणि बकरा बाजारातून आणतात तसं जिंकणाऱ्याने त्याला सोसायटीभर फिरवायचं."

कल्पिता हसली. सम्यक हसला. दोघं एकमेकांकडे बघून हसले, ते जरा जास्त वेळ. मांजर कधीच पळाली होती.

सरावाला गच्ची ठरली. पूजेच्या मंडपाचं हिरवं मॅटिंग टाकीमागे गुंडाळून पडलेलं, ते पसरलं. भोक म्हणून स्टीलचा पेला आडवा ठेवला. दांडा चिकटवला की सुकायला एक रात्र लागते. सम्यकने दुकानातल्या तशाच दुसऱ्या पटरला चिकटवलेला दांडा सुकेचना. आज हवा दमट आहे, उद्या गोंद जुना आहे... रोज संध्याकाळी मात्र दोघं गच्चीवर हजर.

"इतका घट्ट नको धरू गं."

"सुटला तर?"

"सुटत नाही. हलका धर."

"ताजा बोंबील धरतात तसा? दाबला की गेला तो."

"मी ताजा बोंबील धरलेला नाही कधी."

"खाल्लायस तरी?"

"सुका. हॉस्टेलच्या मेसमध्ये."

कल्पिताने त्याच्याकडे दयेने बघितलं. "मग तू अजून जगायला सुरुवातच केली नाहीस."

सकाळी आईबरोबर मासळी साफ करून ती कोर्सवर जाई. सुरुवातीला गच्चीवर येण्याआधी हाताला लिंबू चोळायची. एकदा पकड दाखवताना सम्यकने तिची बोटं नीट बसवली आणि विचारलं, "रोज लिंबू का?"

"वास येतो ना... मासळीचा."

"माझ्या हाताला गोंदाचा येतो. मी कधी धुऊन येतो का?"

दुसऱ्या दिवसापासून लिंबू बंद. कचरा डेपोकडून वारा आला की अख्खी सोसायटी खिडक्या लावून घ्यायची, हे दोघं मात्र वर आरामात. त्याचा चष्मा घसरे, ती एका बोटाने वर सरकवे. मग चेंडू पेल्यात गेला की नाही, हे बघायला कोणी उरत नसे.

पण जिना सगळ्यांचा असतो. वार्ता खाली उतरली.

कल्पिताची आई वनमाला बाजारात मासळीला बसते. तिच्या आवाजाने गिऱ्हाईक थांबतं, बस पण थांबते. त्या दिवशी ती एकदम हळू बोलली, म्हणजे प्रकरण मोठं होतं.

"रविवारी वेसाव्याचे पाहुणे येतायत तुला बघायला. घरची बोट आहे त्यांची. ती पैज उरकून टाक. पैज संपली की गच्ची संपली."

"गच्चीने काय केलं?"

"गच्चीने नाही गो. ते जयभीमवाले, आपण कोळी. आपल्यात नाही चालत."

"कोर्सवर दहा जातींच्या लोकांच्या बॅगा उचलते मी. तेव्हा नाही विचारलंस कोण कोणाचा."

"बॅग खाली ठेवून घरी येतेस ना? नवरा खाली ठेवता येत नाही. शब्द दे मला. पैज संपली, गच्ची संपली."

कल्पिताने आईच्या हाताखालच्या मांदेल्या पाटीत सारल्या. मग म्हणाली, "दिला."

तिने सम्यकला सांगितलं तेव्हा तो चिकटवलेला दांडा फडक्याने पुसत होता. तो खरं तर कधीचाच सुकला होता.

"पळून जायचं का?" तिने विचारलं. अर्धं गमतीत, अर्धं... नाही.

"पळायचं कशाला? चोरी केलीय का आपण?" त्याने चष्मा काढला. "मी कोणाच्या पाया पडणार नाही, आणि तोंड लपवून जाणार पण नाही. तुला यायचं असलं तर सगळ्यांसमोरून ये. नसलं तर... पटर ठेवून घे."

"भाव खातोस रे फार."

"खातो. तू पण खातेस."

शनिवारी संध्याकाळी सगळी सोसायटी गच्चीवर. नंदकुमार काका गळ्यात दोरीचं वेटोळं घालूनच आले, जणू हार. वनमाला जिन्याच्या दाराशी उभी, हाताची घडी.

दोन्ही पटरची डोकी सारखी, मुठी सारख्या, फरक फक्त दांड्याचा. कल्पिताच्या डोळ्यांवर तिचीच ओढणी बांधली. काका काठी बदलून द्यायचे, सम्यक तिला पेल्यासमोर उभी करायचा. खांद्याला धरून. अगदी गरजेपुरतं. निदान तसं त्याचं म्हणणं.

चेंडू मधोमध बसला की दोन्ही काठ्या सारख्याच. पेल्यात टण्ण, पेल्यात टण्ण. लोक जांभया द्यायला लागले.

"आता मुद्दाम टोकाने मार," सम्यक म्हणाला.

जुन्याने मारला तो चेंडू वळून थेट काकांच्या अंगठ्यावर. नव्याने मारला तो थोडासा वाकला, पेल्याच्या काठाला घासला आणि आत गेला.

"स्थिर आहे हा," कल्पिताने कबूल केलं. "कुठेही ठोका बसू दे, तोंड फिरवत नाही."

"आणि हाताला?"

ती थांबली. डोळे बांधलेले, ओठ जरा दुमडलेले. पुन्हा एकदा जुना मागितला, पुन्हा नवा. "हाताला जुनाच बरा. ठोका कुठे बसला ते तो बोटांना सांगतो. हा नवा गप्प बसतो. दुसऱ्या कोणाला आवडेल हा गप्पपणा... मला नाही."

सम्यकने मान डोलावली. खोटं बोलायचं त्याच्या जिवावर आलं. "बरोबर आहे तिचं. धक्का कमी लागतो, त्यामुळे कळतं पण कमी."

काकांनी हिशेब केला. स्थिर म्हणाला तो खरा, हाताला काही नाही म्हणाली ती खरी. "बरोबरी. कोणी हरलं नाही, कोणी जिंकलं नाही. बकरा कॅन्सल. चला खाली." वनमालाकडे बघून त्यांनी घाम पुसला. मजा करायला गेलेला माणूस, प्रेमप्रकरणात सापडला होता.

वनमालाने घडी सोडली. "संपली ना पैज?"

"संपली," कल्पिता म्हणाली. ओढणी सोडली, सम्यककडे बघितलंसुद्धा नाही, आणि जिना उतरली. सम्यक दोन्ही पटर घेऊन तसाच... मग सगळ्यांच्या मागून.

खाली कंपाउंडमध्ये ती थांबली होती.

"काका, दोरी द्या."

"अगं, बरोबरी झाली ना."

"तुमची झाली. हात माझे आहेत, हरले की नाही मला कळतं. मी म्हणाले होते काही फरक पडत नाही. पडला. मी हरले."

"गो पोरी," वनमाला कडाडली, "शब्द दिलायस मला."

"गच्चीचा दिलाय. हे कंपाउंड आहे."

तिने दोरीचं टोक आपल्या मनगटाला गुंडाळलं. काका पुटपुटले, "गळ्यात ठरलं होतं..."

"गळा पुढे हाराला लागेल," ती म्हणाली, आणि दुसरं टोक सम्यकसमोर धरलं. "घेतोस? का बरोबरी मान्य आहे?"

बाल्कन्या भरल्या होत्या. सम्यकने पटर काकांच्या हातात कोंबले, टोक घेतलं आणि आपल्या मनगटाला बांधलं. "नाही मान्य."

मग जी वरात निघाली, तिला उलटी वरात म्हणायला हवं. हरलेली पुढे, ताठ मानेने. जिंकलेला मागे, खेचला जातोय. ए विंग झाली, बी विंग झाली. गेट आलं तरी ती वळेना.

"सोसायटीभरच ठरलं होतं," काका ओरडले.

"सोसायटी लहान पडतेय, काका."

ती गेली थेट बाजारात, जिथे तिच्या आईची जागा आहे. मागून वनमाला, साडी खोचून, धापा टाकत. मासळीवाल्या बायांचे कोयते थांबले. कल्पिता आईच्या पाटीसमोर उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी कल्पिता. पैज हरले. हा सम्यक, हा जिंकला. उद्या पाहुण्यांना चहा पाजेन, पण लग्न करेन ते याच्याशीच."

कोणीतरी फिसकन हसलं. पलीकडची एक बाई म्हणाली, "वनमाले, पोर दाव्याला बांधून घेतली गो त्याने."

वनमाला गर्रकन वळली. "डोळे आहेत का बोंबलाचे? कोण कोणाला ओढतंय ते बघ. माझी पोर आहे ती. तिला कोण बांधणार?"

बाईने मान खाली घालून कोयता उचलला. आणि बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते वनमालाला कळलं.

तिने सम्यककडे वरपासून खालपर्यंत बघितलं, गिऱ्हाईक मासा बघतं तसं. मग त्याचं मनगट धरलं. त्याची गाठ सुटत आली होती, नुसती लोंबत होती.

"ही कसली रे गाठ? दोन पावलात निसटेल."

"येत नाही मला," सम्यक म्हणाला.

"दिसतंय." तिने दोरी दोन बोटांवर घेतली, एक फेरा दिला, टोक खालून ओढलं, दातांनी ताणलं. जाळ्याला मारतात ती गाठ, जेवढी ओढाल तेवढी बसणारी. "आता फिरा. आणि बाजाराची ती बाजू राहिली तुमची. तिथे पण दाखवून या."