हिरवी रेघ

नव्व्याण्णव सालची गोष्ट. देवळाली प्रवऱ्यात दानीएलच्या दारात टेम्पो थांबला आणि इंजिनिअरिंग कॉलेजातल्या सम्राटने एक यांत्रिक हात उतरवून खाटेशेजारी उभा केला. दानीएलला हसू आलं. लकव्याने उजवा हात गेलेल्याला जेवू घालायला आता लोखंडी हात! त्याची बायको दयाबाई मात्र दारातच थबकली. लोखंड नवऱ्याच्या तोंडाशी येणार म्हटल्यावर तिचा जीव वरखाली होत होता, आणि तसं ती बोललीही.

"म्हणून तर हा चष्मा," सम्राट म्हणाला आणि हेल्मेटएवढं ते धूड त्याने दानीएलच्या डोक्यावर चढवलं. "यंत्रावर हा ठिपक्यांचा कागद चिकटवलाय ना, त्यावरून यंत्र पुढं कुठं जाणार, ते हिरव्या रेघेनं दिसतं. आधी कळलं की भीती वाटत नाही, काका."

चष्म्याच्या आतल्या पडद्यावर खोली होती तशीच दिसत होती. फक्त लोखंडी पंजापासून ताटलीपर्यंत आणि तिथून दानीएलच्या तोंडापर्यंत हवेत एक रेघ होती. त्या रेघेवरूनच चमचा आला. दानीएलने शिरा खाल्ला, त्याला गंमत वाटली.

मग त्याची नजर मांडीवरच्या आपल्या उजव्या हाताकडे गेली. दोन वर्षं तो हात हलला नव्हता. दया रोज त्याला तेल चोळायची, आणि दानीएल प्रभूकडे एवढंच मागायचा, हात परत दे. त्या हातातूनही रेघ निघाली होती, थेट दयाच्या गळ्यापर्यंत.

"सम्राट... माझ्या हाताला कागद लावलाय का रं?"

"नाही काका. त्याला कशाला?"

दया खिडकीकडे सरकली. रेघही सरकली. दानीएल पार गोंधळला. उभ्या संसारात त्याने तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. आत्ताही मनात तसं काहीच नव्हतं. मग हे कुणाच्या मनात होतं?

तेवढ्यात लाईट गेली. सम्राट फ्यूज बघायला बाहेर पळाला. बाहेर टळटळीत दुपार, पण बंद चष्म्यात मिट्ट काळोख झाला. रेघ तेवढी राहिली, आणि ती आखूड होत होती.

"दया... जवळ येऊ नको."

"अवो... बोट हाललं तुमचं. म्या बघितलं."

"दया, ऐक माझं... लांब हो."

"आता कशाची लांब हुतीय," ती रडत, हसत म्हणाली. "प्रभूनं ऐकलं आपलं."

तिने तो हात उचलून गालाशी धरला. काळोखात रेघ बोटभर उरली.