पाऊण इंच

जुनी गाडी घ्यायची तर ती खालून बघावी. वरून धुऊनपुसून सगळ्याच छान दिसतात. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, आणि जग फसतं म्हणून गेली सव्वीस वर्षं माझं पोट भरतंय. लोक गाडी घेण्याआधी ती तपासायला मला नेतात. खिशात कायम स्टीलची टेप, म्हणून धंद्यात मला ‘टेपवाले’ म्हणतात. बायको म्हणते, हा माणूस उशीसुद्धा उलटी करून बघितल्याशिवाय तिच्यावर डोकं टेकणार नाही.

त्या सकाळी गिऱ्हाईक घरचंच होतं. माझी लेक, बारकी. नाव लहानपणचं, आता ती अठ्ठावन्न किलोची गुरांची डॉक्टर आहे. नेमणूक डोंगरात झाली होती. शेवटचे वीस किलोमीटर नुसते दगड आणि चिखल, आणि ते तिला रोज एकटीने कापायचे होते. चारही चाकांना जोर देणारी गाडी हवीच होती. तिथे कुठे गाडीने दगा दिला, तर तो माझ्या डोळ्यांनी दिला असं मी धरणार होतो. रात्रभर मला नीट झोप नव्हती.

गाडी एका बंगल्यामागे पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. मालक सत्तरीचे, निवृत्त इंजिनिअर. ते शेडच्या दारापर्यंत आले आणि उंबऱ्याबाहेरच थांबले.

“बघा निवांत. किल्ली आतच आहे.”

“चालवायचं कोण?” मी विचारलं.

“मीच. ही शेजारी बसायची.” मग बंगल्याकडे बघत म्हणाले, “आता नाही बसत.”

मी गाडीखाली शिरलो. चासीला गंज नव्हता, कुठे वेल्डिंगचा डाग नव्हता. पुढच्या चाकांना ताकद देणारा दांडा हलवून पाहिला, घट्ट होता. तेलाचा एक थेंब गळत नव्हता. पुरात बुडालेली गाडी पट्ट्यात पकडता येते, म्हणून चारही सीटबेल्ट शेवटापर्यंत ओढले. पाण्याची रेघ नाही, मातीचा वास नाही. नाव ठेवायला जागाच नव्हती, आणि तेच मला खटकत होतं.

“पाणी घ्या,” मागून कुणी तरी म्हणालं.

मी दचकून वळलो. मालकांच्या पत्नी तांब्या-भांडं घेऊन उभ्या होत्या. बंगल्यापासून शेडपर्यंत सगळी खडी पसरलेली. इंजिनातली बारीकशी टिकटिक ऐकून मी बिघाड सांगतो, पण त्या खडीवरून आल्याची मला चाहूलही लागली नव्हती. मी पाणी प्यायलो. त्या गाडीकडे न बघता परत गेल्या.

शेवटी टेप काढली. चाकावरच्या पत्र्याच्या कमानीपासून जमिनीपर्यंतची उंची मी चारही कोपऱ्यांत मोजतो. मागचे दोन्ही कोपरे सारखे. ड्रायव्हरच्या बाजूचा पुढचा बरोबर. शेजारच्या बाजूचा पाऊण इंच खाली.

स्प्रिंग बसली असेल म्हणून बॅटरीचा उजेड मारून पाहिलं. शाबूत होती. टायरमध्ये हवा सारखी. जमिनीवर लेव्हल ठेवली, बुडबुडा मधोमध. जॅकवर गाडी उचलली, झुलवली, पुन्हा टेकवली. पाऊण इंच तसाच. रिकाम्या सीटवर कुणी बसलेलं असावं, तशी गाडी त्या अंगाला कलली होती.

“बारके, ड्रायव्हरच्या सीटवर बस बरं,” मी म्हणालो.

बस म्हणणारा मीच होतो.

ती बसली. मी मोजलं. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या झाल्या. म्हणजे पलीकडे जे काही होतं, ते साधारण माझ्या लेकीच्या वजनाचं होतं.

“बाबा, चढावर नेऊन आणू?” तिने विचारलं, आणि माझ्या उत्तराआधीच चाकं हलली. शेडमागच्या चढावर तिने छोटा गिअर टाकला. गाडी मुंगीच्या पावलांनी वर गेली, तशीच उतरली. कुठे खडखड नाही, घसरण नाही. बारकीचा चेहरा फुलला होता.

“हीच घ्यायची!” ती उडी मारून उतरली. “आणखी काय हवं?”

निघताना पुन्हा मोजायची माझी सवय आहे. गाडी रिकामी होती.

शेजारची बाजू पाऊण इंच खालीच होती.

ड्रायव्हरची बाजूही पाऊण इंच खाली होती. बारकी उतरली, पण गाडी वर आली नव्हती.

मी तीनदा मोजलं. मग मला भीती वाटली, अगदी सरळ साधी भीती. टेप गुंडाळताना बोट कापलं.

“नाही घ्यायची,” मी म्हणालो.

“अहो बाबा, पण का?”

“नाही म्हणजे नाही. चल.”

मालक दारातूनच सगळं बघत होते. “हरकत नाही,” ते म्हणाले. “नाही नेलीत तरी चालेल आता.” आल्यापासून पहिल्यांदाच ते हसले.

मी बारकीचा दंड धरून तिला आमच्या गाडीत माझ्या शेजारी बसवलं आणि जोरात निघालो. ती फुगली होती.

“पाऊण इंचासाठी एवढी चांगली गाडी सोडलीत! आईला काय सांगू? टेपवाल्यांची टेप आडवी आली?”

मी हसायला गेलो, पण हसू आलं नाही. काही तरी कमी होतं. दोन चौक गेल्यावर कळलं. शेजारच्या सीटवर कुणी बेल्ट न लावता बसलं, की आमची गाडी पीं पीं करून डोकं उठवते. सीट रिकामी असेल तर गप्प राहते. बारकीचा पट्टा दाराजवळच्या खांबाला लोंबत होता.

गाडी गप्प होती.

“बारके,” मी म्हणालो, “नीट टेकून बस.”

“टेकूनच बसलेय की!”

मी गाडी कडेला घेतली. वायर तुटली असेल. सेन्सर गेला असेल. असतंच काही तरी.

हात मागे घालून जॅकची पिशवी उचलली आणि तिच्या मांडीवर ठेवली.

“हे काय आता?” बारकी म्हणाली.

गाडी लगेच वाजू लागली.