चार चाळीसची नोंद

बसा जवळ. दिवा बारीक करा, विझवू नका. ही गोष्ट ऐकीव नाही, माझ्या सख्ख्या साडूची आहे.

साडू पुठ्ठ्याच्या कारखान्यात डेटाबेस सांभाळायचा. कोण कधी आत गेलं, मोठा प्रेस कधी आपोआप सुरू व्हायचा, सगळं त्यात. मुख्य कचेरी दुसऱ्या देशात, तिचं घड्याळ कारखान्यातल्यापेक्षा तीन तास मागे. कचेरीतून वेळ आली की तीन तास मिळवून टाकायचे, एवढंच काम. एका पहाटे हा शहाणा मिळवायला विसरला. सात चाळीसचा प्रेस चार चाळीसलाच सुरू झाला, आणि आत सफाई करणारा कामगार, पैलवान म्हणायचे त्याला, कमरेखाली चिरडून मेला.

साडूने काखा वर केल्या. पैलवानाला सातपर्यंत आत राहायची परवानगी होती. याने नोंदीत सातचे चार केले आणि मागमूस पुसला. पैलवानाची बायको रडत आली. "भाऊजी, ते वेळेचे पक्के होते हो. चूक त्यांची नव्हती, एवढं तरी लिहा." याने एक अक्षर लिहिलं नाही. मला अजून राग येतो त्याचा.

बरोबर वर्षाने, रात्री एक चाळीसला, साडू बॅकअप घ्यायला बसला. पडद्यावर नवी नोंद. पैलवान. आत. चार चाळीस.

"टाइम झोनचा घोळ," तो हसला. "तीन तास पुढे पडलेत." त्याने वेळ मागे घेतली. पुन्हा चार चाळीस. नोंदच पुसली. पुन्हा तीच...

त्याने गेटवर फोन लावला. "दादा, आत कोण आलंय?"

"अजून तरी कुणी नाही, साहेब."

साडेचारला तो उठून प्रेसपाशी गेला. मेन स्विच पाडला, किल्ली खिशात घातली. चार एकोणचाळीस.

मागे आवाज. पावलं नव्हती. काहीतरी घसटत येत होतं... हातांवर.

"पैलवान... माझं चुकलं रे. लिहितो. आत्ता लिहितो..."

मानेवर पंजा पडला. प्रेस धडधडला. विजेशिवाय. आधी एक हात. हाडं फुटली. मग दुसरा. कोपरापर्यंत...

साडू जगला. हात गेले. सकाळी कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी डेटाबेस उघडला. पैलवानाची परवानगी पुन्हा सातपर्यंत झालेली. खाली शेरा : "चूक माझी." दुरुस्ती साडूच्या नावाने. दुरुस्तीची वेळ तर डेटाबेस स्वतःच टाकतो. झोन तपासला का, असं विचारू नका, तिघांनी तपासला.

वेळ होती चार एक्केचाळीस. तेव्हा साडूचे दोन्ही हात प्रेसमध्ये होते.