थोरल्यांच्या नावावर

अडीच वाजून गेले असले तरी दिवा बंद करू नकोस, नुसता मंद कर. आणि तू, कोपऱ्यातली, फोन ठेव खाली. तुझ्यावरूनच निघालाय हा विषय.

रात्री जेवताना काय म्हणालीस? ऑफिसातल्या मैत्रिणीला स्वतःचा पासवर्ड देऊन आलीस, कारण तिचा चालत नव्हता आणि तुला घरी यायची घाई होती. वर मलाच विचारतेस, त्यात काय काका? त्यात काय ते आज सांगतो. ऐकीव गोष्ट नाही. माझ्या साडूंच्या बाबतीत घडलेली आहे, तुमच्या काकूच्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याच्या. म्हणून या खोलीबाहेर न्यायची नाही.

मी आयुष्यभर लिफ्टा दुरुस्त केल्या. कॉम्प्युटरमधलं मला ओ की ठो कळत नाही. साडूंनी तीन-तीनदा समजावलं तेव्हा कुठे डोक्यात शिरलं, तेव्हा मध्येमध्ये माझ्या चुका काढत बसू नका.

साडू एका मोठ्या हॉस्पिटलात कॉम्प्युटर विभागात आहेत. तिथे एक सिस्टिम आहे, तिचं काम एवढंच, समोरचा माणूस कोण ते ओळखायचं. नर्सने कार्ड लावलं की औषधांचं कपाट उघडतं. डॉक्टरने नाव आणि पासवर्ड टाकला की पेशंटचे रिपोर्ट दिसतात. सगळ्यांची नावं मात्र दुसऱ्या मशीनवर, डेटाबेसमध्ये. आता ही ओळखणारी आणि ती नावं सांभाळणारी, दोघींची भाषा वेगळी. म्हणून मध्ये एक दुभाषा बसवतात. त्याला म्हणतात ड्रायव्हर. हसू नका, मीही साडूंना विचारलं होतं की गाडी कुठली चालवतो. एवढीशी फाइल असते. जुनी झाली की काढायची, नवी ठेवायची, डेटाबेसचा पत्ता आणि खातं भरायचं, चालू करून बघायचं. काम तासाभराचं, पण रात्रीच करावं लागतं. कारण तेवढा वेळ ती सिस्टिम कोणालाच ओळखत नाही.

हे सगळं साडूंना शिकवलं थोरल्यांनी. विभागातला सगळ्यात जुना माणूस, म्हणून थोरले. साहेबसुद्धा त्यांना थोरलेच म्हणायचे. साडू पन्नाशीच्या आसपास दुसरी नोकरी सोडून तिथे लागले, तेव्हा त्या वयात कोण शिकवतं हो? थोरल्यांनी शिकवलं. स्वतःच्या डब्यातलं खायला घालून शिकवलं. चुकलं तर चारचौघांत नाही, जिन्यात नेऊन सांगायचे.

तीन वर्षांपूर्वी असाच ड्रायव्हर बदलायचा होता. रात्री दोघंच कामावर. एवढ्यात थोरल्यांना घरून फोन आला, वहिनी बाथरूममध्ये घसरून पडल्या. साडू नवे, त्यांच्या नावाला तिथे हात लावायची परवानगी अजून आली नव्हती. थोरल्यांनी खिशातली चिठ्ठी काढली, तिच्यावर स्वतःचा पासवर्ड लिहिला आणि साडूंच्या हातात दिली.

'माझ्या नावावर उरकून टाक,' म्हणाले. 'फक्त जुनी फाइल काढल्याशिवाय नवी चालू करू नकोस.'

साडूंनी नवी फाइल ठेवली. जुनी काढायला विसरले. एका फोल्डरमध्ये दोन दुभाषे, दोघं एकदम बोलायला लागले, आणि पहाटे सिस्टिमने डोळे मिटले. सकाळी सहाच्या शिफ्टला एकाचंही कार्ड चालेना. चार तास. औषधांची कपाटं शेवटी हातोडीने फोडली. नशीब, कोणी दगावलं नाही.

चौकशी बसली. नोंदीत काय, तर थोरल्यांचं नाव, थोरल्यांचा पासवर्ड. साहेबांनी विचारलं, हे काम तुमचंच ना? थोरल्यांनी टेबलापलीकडे साडूंकडे बघितलं. आणि थांबले. साडू सांगतात, खूप वेळ थांबले. साडूंनी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि पाणी प्यायले.

'काम माझ्या नावावर आहे,' थोरले म्हणाले.

संपलं. तीस वर्षांची नोकरी गेली, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली असताना. जाताना कपाळावर निष्काळजीपणाचा शिक्का. त्याच संध्याकाळी सिस्टिममधून त्यांचं नाव काढून टाकायचं काम कोणाला दिलं असेल? साडूंना. काढलं त्यांनी. वर्षाच्या आत थोरले गेले. साडू शेवटचं बघायलाही गेले नाहीत. कोणत्या तोंडाने जाणार?

ही झाली मागची कथा. आता ती रात्र.

याच नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार. पुन्हा ड्रायव्हर बदलायचा होता, आणि आता ते काम साडूंचं. साहेबांनी दुपारीच बजावलं होतं, मागच्यासारखा घोळ झाला तर या वेळी घरी कोण जाईल ते सांगायला नको. मुलीचं शिक्षण चालू आहे, नोकरीची सहा वर्षं उरलीत. साडूंनी घरी दोन पोळ्या खाल्ल्या, गोळी घेतली आणि साडेबाराला हॉस्पिटल गाठलं.

मशीनची खोली तळघरात. दार कार्डानेच उघडतं, आत जातानाही आणि बाहेर येतानाही. एकला सिस्टिम बंद केली, दार नुसतं लोटून ठेवलं. एक वीसला जुनी फाइल काढली. या वेळी तीनदा बघितलं. नवी ठेवली. पत्ता भरला, खातं भरलं, एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं. दोनला चालू केली. चालू झाली. हिरवा दिवा लागला. दार आपोआप बंद होऊन कुलूप लागलं, ते लागायचंच. साडूंनी पाठ टेकली.

राहिलं होतं एकच. स्वतःच्या नावाने आत शिरायचं आणि कनेक्शन तपासायचं.

त्यांनी नाव टाकलं. पासवर्ड टाकला.

'या नावाची व्यक्ती सापडली नाही.'

बोट घसरलं असेल म्हणून पुन्हा टाकलं. तेच. मग साहेबांचं नाव नुसतं शोधून बघितलं. सापडलं. नर्सची नावं सापडली. सफाईवाल्याचं सापडलं. साडूंचं नाव... नाही.

त्यांनी नवा ड्रायव्हर काढला. जुना परत बसवला. तेच. पुन्हा नवा. तेच. उठून दाराला कार्ड लावलं. लाल दिवा. पुन्हा लावलं. लाल.

तीन वाजले होते. साहेबांना फोन करता आला असता. करायला हवा होता. हातात घेतलाही. पण फोन केला असता तर प्रश्न आला असता, तुमचंच नाव कसं गेलं? आणि प्रश्नातून प्रश्न निघत गेले असते... मागच्या वेळेपर्यंत.

साडूंनी फोन खाली ठेवला.

मग त्यांनी काय केलं, ते ऐका. त्यांनी थोरल्यांचं नाव टाकलं. का, विचारू नका. जे नाव स्वतःच्या हाताने काढून टाकलं होतं, ज्याचा माणूस जगात नव्हता, ते नाव. आणि चिठ्ठीतला पासवर्ड. चिठ्ठी केव्हाच फाडली होती, पण पासवर्ड विसरले नव्हते. तो काही विसरता येत नाही, म्हणाले.

एंटर.

'या नावाची व्यक्ती सापडली नाही' यायला हवं होतं.

आलं नाही.

आलं हे, की तुमच्या फोनवर विचारणा केली आहे, कृपया वाट पाहा. हल्ली असतं ना तसं. पासवर्ड टाकला की फोनवर येतं, तुम्हीच आहात का? होय किंवा नाही दाबायचं. तर ती विचारणा गेली होती. थोरल्यांच्या फोनवर.

गोल फिरायला लागलं.

साडूंनी उठून मशीन बंद करायला हवी होती. जागचं हलता येईना. एसीचा आवाज थांबला होता. कधी थांबला, कळलं नाही.

गोल फिरतंय.

तीन तेरा.

फिरतंय...

तीन चौदा. कोणीतरी 'होय' दाबलं.

स्क्रीनवर थोरल्यांचं पूर्ण नाव आलं. कनेक्शन ठीक. सगळं हिरवं. मागे दाराचं कुलूप... खट्. उघडलं. साडूंनी मान वळवली नाही. बराच वेळ नाही वळवली. कारण थोरले काम बघायचे ना, तेव्हा खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभे राहायचे. आणि खुर्ची किंचित मागे झुकली होती.



सकाळी सहाला सगळी कार्डं चालली. साडूंचंही. यादीत त्यांचं नाव होतं, जिथे असायचं तिथेच. थोरल्यांचं नव्हतं. साहेबांनी पाठ थोपटली.

साडू तिथून घरी गेले नाहीत. तडक थोरल्यांच्या घरी गेले. तीन वर्षांनी. वहिनींनी दार उघडलं, 'या भाऊजी' म्हणाल्या, जसे काही परवाच येऊन गेले होते. साडूंनी फोनबद्दल विचारलं. फोन कपाटात होता, मऊ फडक्यात गुंडाळलेला. दोन वर्षं बंद. सिमकार्डही नाही. वहिनींनी चार्जरला लावला. पाच मिनिटांनी उजळला. वर ती एकच विचारणा. तुम्हीच आहात का? खाली, होय. वेळ तीन चौदा.

वहिनींनी बघितलं. घाबरल्या नाहीत. पदराने काच पुसली आणि म्हणाल्या, 'मी पडले त्या रात्री हे माझ्या उशाशी बसून होते, भाऊजी. माझा पाय प्लास्टरमध्ये. मी नंतर यांना विचारलं, मग ते काम केलं कोणी? म्हणाले, तो स्वतः सांगेल, त्याला थोडा वेळ दे. शेवटपर्यंत रोज रात्री फोन चार्जिंगला लावायचे. न जाणो, फोन आला आणि बंद असला तर.'

एवढं बोलून त्या थांबल्या. अगदी थोरल्यांसारख्या थांबल्या. नवऱ्याच्या नावावरचा डाग पुसायला त्यांना एकच वाक्य हवं होतं. साडूंच्या समोर चहाचा कप होता.

साडूंनी कप उचलला आणि चहा प्यायले.

...

थांबा. अजून आहे.

साडू आले कुठे, तर माझ्याकडे. शनिवारी दुपारी. आता तू बसली आहेस ना, त्याच खुर्चीवर बसले. सगळं सांगितलं, जसं तुम्हाला सांगतोय तसं. मग स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. त्यांच्या फोनवर शुक्रवारी रात्री एक विचारणा आली होती. कुठेही नाव टाकलेलं नसताना. 'त्या रात्री तूच होतास ना?' खाली दोन बटणं. फोन बंद करून चालू केला तरी जात नव्हती. साडू रडत होते. म्हणाले, तुम्ही वडीलधारे, तुम्ही सांगा, काय दाबू?

मी काय सांगायला हवं होतं, ते तुमच्यातल्या शेंडेफळालाही कळतं. पण माझ्या डोक्यात आधी काय आलं? मेहुणीचा संसार. भाचीचं शिक्षण. चार माणसांत आपली नाचक्की. आणि मेलेल्या माणसाला आता काय फरक पडतो? मी म्हणालो, झाकली मूठ सव्वा लाखाची. 'नाही' दाबा आणि मोकळे व्हा.

त्यांनी दाबलं. विचारणा गेली. साडूंनी डोळे पुसले, माझ्या पाया पडले आणि निघून गेले. थोरल्यांना मी आयुष्यात पाहिलेलं नाही. साडूंनी त्यांचा विश्वासघात केला तो भीतीपोटी. मी केला तो शांतपणे, जेवण झाल्यावर, आरामखुर्चीत बसून. मला माझीच शिसारी आली, पण ती नंतर. त्या रात्री मला छान झोप लागली.

तीन चौदापर्यंत.

माझा फोन तुम्हाला माहीत आहे. बटणांचा, जुना. त्यावर तुम्ही हसता. त्यात इंटरनेट नाही, काही नाही. मी कुठल्या सिस्टिममध्ये नाही, माझं कार्ड नाही, माझा पासवर्ड नाही. मला कोण कशाला काही विचारेल?

आज नववा दिवस. रोज रात्री त्याच वेळी उजळतो. परवा मी बॅटरी काढून टेबलाच्या खणात टाकली. ही बघा, ही बॅटरी. आणि हा फोन. नुसतं टरफल आहे.

तरी उजळतो.

उद्या सकाळी मी वहिनींकडे जाणार आहे. साडू आले तर त्यांना घेऊन, नाही आले तर एकटा. आज तुम्हा सगळ्यांसमोर बोललो ते एवढ्यासाठी, की उद्या माझी जीभ अडखळली तर तुम्ही साक्षीला असाल.

किती वाजले? बघ जरा. गोष्टीच्या नादात वेळ कळलाच नाही.

...हं. तीन चौदा.

घे हातात. घाबरू नकोस, चावत नाही. मला चष्म्याशिवाय दिसत नाही, तू वाच. मोठ्याने वाच, सगळ्यांना ऐकू दे.

'तुम्हालाही माहीत होतं ना?'

आणि खाली?

होय, नाही. बरोबर. दे इकडे.