चारशे सत्तेचाळीसची रिंग

मंगळवार, १५ जानेवारी २०१९. सकाळी दाट धुकं, दहानंतर कडक ऊन, वारा अजिबात नाही. आंब्याच्या मोहोराला वाईट हवा.

यासीन मुकादम सकाळपासून टेपांच्या खोलीत बसला होता. रत्नागिरीतल्या एका जहाज कंपनीच्या जुन्या नोंदी तिथे असत. कुठला खलाशी कुठल्या जहाजावर कधी चढला, ते सगळं चुंबकी टेपांवर. मेनफ्रेमवर, म्हणजे कंपनीच्या मोठ्या संगणकावर, आता नवी व्यवस्था यायची होती आणि तिला दोन फायली लागत. कॅटलॉग म्हणजे कुठल्या टेपेवर काय आहे. ऑडिट म्हणजे त्या टेपेची नोंद कोणी, कधी बदलली. कॅटलॉग जुन्या वहीवरून भरायचा; महिनाभर चाललेलं ते काम आज संपायचं होतं. ऑडिट मात्र कोरीच जन्माला येते.

"यासीनभाई, सहाच्या आत मुंबईला पाठवायचंय हां," दीपाली म्हणाली. ती त्याच्या हाताखाली काम करायची. "एकदा फाइल बंद झाली की ब्रह्मदेव आला तरी उघडायची नाय."

"तुझ्या ब्रह्मदेवाला सांग, म्हातारा दोन बोटांनी टाइप करतो."

हसत ती चहा आणायला गेली. तीन वाजून गेले होते. वहीच्या शेवटच्या पानावर, पुसलेल्या टेपांच्या यादीत, ४४७ आली आणि यासीनचं बोट थांबलं. पुढे लिहिलं होतं: चुकून पुसली. जबाबदार, शिवा.

त्या काळची रीत अशी, की टेपेच्या पाठीला प्लास्टिकची रिंग बसवली तरच तिच्यावर नवं लिहिता येई. रिंग नसेल तर जुनं सुरक्षित. १९९६ साली पाळी संपताना यासीनने घाईत, लेबल न वाचता, ४४७ला रिंग लावली आणि ती कोऱ्या टेपांत ठेवून दिली. पुढची पाळी शिवाची. टेप यंत्रावर चढवली त्याने, सही त्याची. चारशे खलाशांच्या नोंदी गेल्या, पाठोपाठ शिवाची नोकरी गेली. मंडणगडला गावी जाऊन तो दोन वर्षांत वारला. नोकरी सोडून जाताना त्याने एकच विचारलं होतं, "रिंग कोणी लावली?" यासीन तेव्हा खोलीतच उभा होता.

आज ही ओळ कॅटलॉगात गेली, की चूक कायमची शिवाच्या नावावर. यासीनने ती होती तशी टाइप केली. मग ऑडिट फाइल तयार केली आणि कोरी आहे ना, हे पाहायला उघडली.

आत एक ओळ होती.

४४७. रिंग: यासीन.

त्या गार खोलीतही त्याच्या मानेवरून घाम ओघळला. रिंगेसाठी या व्यवस्थेत रकानाच नव्हता. रिंग माणूस लावतो. यंत्राला माणसाचा हात दिसत नाही. त्याने फाइल पुसली, पुन्हा तयार केली, पुन्हा उघडली.

तीच ओळ.

तेवढ्यात मागच्या मांडणीतून आवाज आला. टक्. रिंग खाचेत बसल्याचा. मग त्याच्या अलीकडून, टक्. एकेक टेप करत आवाज सावकाश पुढे येत होता, आणि त्याच्याबरोबर कच्च्या खोबरेलाचा वास. शिवा डोक्याला तेच लावायचा.

"शिवा...?"

टक्. अगदी खुर्चीच्या पाठीशी.

"कोणाशी बोलताय?" दारात दीपाली, हातात दोन कप. आवाज थांबला. वास तसाच होता.

"बाय... रिंग मी लावली होती."

"कसली रिंग?"

त्याने सगळं सांगितलं. चहावर साय धरली. दीपालीने दोन्ही कप टेबलावर ठेवले.

"तेवीस वर्षं, यासीनभाई? शिवाच्या कमळावहिनी अजून लोकांना सांगतात, आमच्या ह्यांच्या हातून चूक झाली म्हणून. तुम्ही दर ईदला त्यांच्याकडे शिरखुर्मा पाठवता..."

"पाठवतो."

"त्यांना कोण सांगणार? मी?"

"नको. मीच जाईन." त्याने कीबोर्ड पुढे ओढला. "आधी हे लिहितो."

ऑडिट फाइल त्याने तिसऱ्यांदा तयार केली. या वेळी ती कोरी निघाली. मग कॅटलॉगात शिवाचं नाव काढून त्याने आपलं नाव घातलं. दीपाली शेजारी उभी राहून बघत होती.

कॅटलॉगात ३,१२६ टेपा. ऑडिटमध्ये दोन नोंदी. पहिली, ४ वाजून १० मिनिटं: यासीन मुकादम, ४४७, दुरुस्ती. दुसरी, ४ वाजून ११ मिनिटं: शिवा, ४४७. या नावाला नव्या व्यवस्थेत प्रवेश दिलेला नाही. शेऱ्याचा रकाना रिकामा. फाइल ५ वाजून ४० मिनिटांनी बंद केली.