कोरडं थारोळं

"कौतिक, दोर ढिला सोडू नकोस. दगडाला घासतोय."

लताचं बोलणं संपेपर्यंत हरणी विहिरीच्या काठावर आली. ती केव्हाच मेली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत देवपूरहून लता शिरपूरकडच्या या मळ्यात मामाकडे आल्यापासून विहिरीतून निघालेली ही दुसरी हरणी. हिचं पाडस मात्र बांधापलीकडे बाभळीखाली उभं होतं.

"कुत्रा मांगे लागना व्हतीन," मामा म्हणाले आणि इंजिनाकडे वळले. सगळा गाव त्यांना पंडितनाना म्हणे.

पहिल्या वेळी लताने हे मुकाट्याने मानलं होतं. आज तिने हरणीचं अंग नीट पाहिलं. कुठेच चावा नव्हता. मग मामेभाऊ कौतिक आणि त्याची धाकटी बहीण सुमन यांना घेऊन ती ठसे शोधू लागली. पळणाऱ्या हरणाचे खूर फाकलेले उमटतात. हे ठसे मिटलेले होते. हरणी सावकाश चालत धावेवरून, म्हणजे मोटेचे बैल जिथून ये-जा करत त्या उतारावरून, वर आली होती. आधी थारोळ्याशी, मोटेचं पाणी पडायचं त्या दगडी कुंडाशी, ती बरीच घुटमळली होती. तिथून ठसे थेट काठाकडे गेले होते.

"ती थारोळ्यात काय शोधत होती?" सुमनने विचारलं.

कौतिकने आत हात घातला. नुसती धूळ. दिवाळीत इंजिन बसलं, मोट बंद झाली आणि पाणी नळातून सरळ पाटात जाऊ लागलं. माणसांची सोय झाली. हरणांना कोणी कळवलं नव्हतं.

आणि पाडसालाही हीच वाट ठाऊक होती.

लताने थारोळ्यासाठी पाणी मागितलं, तेव्हा नाना हसले.

"बठ्ठं पानी केळीले लागस, बेटा."

"सगळं? मग ते वाफाळतं पाणी?" लताने इंजिनाच्या बारीक नळीकडे बोट केलं. इंजिन थंड ठेवून बाहेर पडणारं ते पाणी फुकट मातीत मुरत होतं. ते घ्या की, असं म्हणून नाना कामाला लागले.

मुलांनी धावेच्या तोंडाशी बोराटीचं कुंपण घातलं. विहिरीपासून लांब, कडुलिंबाखाली खड्डा खणून चिकणमाती थापली. मग रॉकेलचे डबे चिरून नळीपासून तिथवर पन्हळ जोडली. संध्याकाळी पाडस आलं, पाणी हुंगलं आणि मागे सरलं. मग ते धावेकडे निघालं आणि काटे ढकलू लागलं. लता धावत आडवी गेली, तेव्हा ते बिचकून पळालं.

"रॉकेलचा वास," ती धापा टाकत म्हणाली. "चूक माझी."

"डबे मी आणले होते," कौतिक म्हणाला. "अर्धी चूक माझ्याकडे दे."

सकाळी सगळे डबे काढले. खड्डा उपसून नवी माती लावली. केळीच्या खांबांची पन्हळीसारखी सोपटं सोलून एकात एक बसवली. अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवून लता प्रत्येक जोडाचा उतार तपासत गेली. सुमनने तिला मिस्तरीणबाई म्हणून चिडवून घेतलं. लांबच्या वाटेने येता येता पाणी निवत गेलं आणि संध्याकाळी इंजिन बंद होईपर्यंत खड्डा भरला.

पहाटे पाडस आलं. हुंगलं. प्यायलं.

मुलांच्या मागे नाना येऊन उभे राहिले होते. त्यांनी लताच्या डोक्यावर हात ठेवला.

"शाब्बास, पोरी. इंजिन बसाडं तवयच हाई करता येतं. मना ध्यानमा उनं नही."

"मलाही उशिराच सुचलं, मामा. पहिली हरणी निघाली तेव्हाच ठसे पाहायला हवे होते."

पलीकडे केळीचे वाफे पाण्याची वाट पाहत होते, इंजिनाचं हँडल नानांच्या हातात होतं. पण आवाजाने पाडस बुजेल म्हणून ते तसेच थांबून राहिले. त्या दिवशी केळीला पाणी उशिराच सुटलं.