पावसात मुका होणारा स्टीरिओ

बसा नीट. तो कोपऱ्यातला दिवा राहू दे चालू, उगाच शूरपणा नको. आणि तू गं, मोबाईल ठेव खाली. मधेच वाजला तर माझीच बोबडी वळायची.

ही माझी गोष्ट नाही, आधीच सांगतो. माझा एक मित्र आहे, गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करतो. त्याला आम्ही फ्यूज म्हणतो. का, तर पटकन उडतो म्हणून. एकदा आमच्या गाडीचा हॉर्न बघायला आला होता, तर हॉर्नपेक्षा तोच जास्त वाजला. तुमच्या काकूला विचारा. पण हाताला गुण. आणि भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही. म्हणायचा, करंट येतो किंवा येत नाही, मधलं काही नसतं.

म्हणायचा. आता म्हणत नाही.

सप्टेंबर संपत आला होता, गुरुवार होता. सकाळीच त्याच्या गॅरेजवर एक सिस्टर आल्या. नदीपलीकडच्या दवाखान्यात रात्रपाळीला असतात त्या. चाळिशीच्या, बोलायला ठाम. गाडी जुनी, औषधं विकत फिरणाऱ्या एका माणसाकडून उन्हाळ्यात घेतलेली. गाडीबद्दल काही तक्रार नव्हती. तक्रार फक्त स्टीरिओची.

“ऊन असलं की गातो हो छान,” त्या म्हणाल्या. “पाऊस आला की मुका. त्याचा दिवासुद्धा लागत नाही. आणि गाडी वाळली की पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही.”

फ्यूज म्हणाला, “मग पावसात तुम्हीच गात जा की.”

सिस्टर हसल्या नाहीत. “दादा, रात्रभर ड्यूटी करून पहाटे निघते मी. गाणी चालू असली तर डोळा लागत नाही. मागच्या पावसात हा बंद पडला आणि मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा गाडी पुलाच्या कठड्याला घासत चालली होती. घरी मुलगी एकटी असते माझी.”

मग मात्र फ्यूजनं हात पुढं करून चावी घेतली. म्हणाला, “आज रात्री दवाखान्यात आणून देतो गाडी. पहाटे गात गात घरी जा.”

लागला कामाला. बॅटरी बघितली, ठीक. गाडीतला फ्यूज बघितला, ठीक. बॉडीला जाणारी अर्थिंगची वायर घासून घट्ट केली. सगळं ठणठणीत, आणि स्टीरिओ मजेत गातोय. कोरड्यात दोष सापडणार कसा? मग त्यानं मेहुण्याला बोलावलं आणि गाडी धुवायचा पाइप त्याच्या हातात दिला. स्वतः आत बसला, गाणं लावलं, काचा वर केल्या. मेहुण्याला खुणेनं सांगायचा, आता टपावर मार... आता दारावर... आता मागं. टपावर पाणी मारलं, गाणं चालू. एरियलच्या बुडाशी मारलं, चालू. समोरच्या काचेच्या पायथ्याशी, वायपर बसतात ना तिथं, पाणी मारलं आणि थोड्या वेळानं खट्... बंद.

“सापडला चोर!” म्हणत यानं डॅशबोर्ड उघडला.

आणि आत जे दिसलं ते बघून तो बराच वेळ वाकूनच राहिला.

बिघाड नव्हताच तो. कुणीतरी करून ठेवला होता. स्टीरिओला करंट देणारी वायर मधे तोडलेली. दोन टोकांना पितळी पात्या लावलेल्या, एरवी एकमेकींना टेकतील अशा. त्या दोघींच्या मधे एका कडेला स्पंजचा तुकडा दाबून बसवलेला, आता पाण्यानं फुगलेला. आणि काचेच्या पायथ्यापासून त्या स्पंजपर्यंत प्लास्टिकची बारीक पन्हळ, व्यवस्थित चिकटवलेली. लक्षात आलं? पाऊस पडला की पाणी पन्हळीतून स्पंजवर. स्पंज फुगला की पात्या लांब. पात्या लांब झाल्या की करंट बंद. स्पंज वाळला की पुन्हा चालू.

“म्हणजे मुद्दाम, काका?”

मुद्दाम. आणि घाईघाईत नाही. मन लावून केलेलं काम होतं ते. फ्यूजनं मला नंतर सांगितलं, “एवढं स्वच्छ काम मी माझ्या स्वतःच्या गाडीला करत नाही.”

मेहुणा म्हणाला, “भावजी, कुणी एवढा खटाटोप केलाय तर काहीतरी कारण असेल. विचारा तरी त्या बाईंना.”

“कारण काय असणार? रिकामटेकडा असेल कुणीतरी!” झालं, उडाला फ्यूज. पात्या, स्पंज, पन्हळ, सगळं उपटून कचऱ्यात टाकलं. वायर जोडली, सोल्डर केली, वरून रबरी नळी चढवली. पुन्हा पाइपानं पाणी मारून बघितलं. स्टीरिओ गातच राहिला. याची कॉलर ताठ.

बाकीची कामं उरकता उरकता रात्र झाली. पावणेअकराला त्यानं गॅरेजचं शटर ओढलं आणि सिस्टरांची गाडी घेऊन निघाला. मेहुण्यानं विचारलं होतं, मी येऊ का सोबत. हा म्हणे, सोबत कशाला, गाणी आहेत की.

गावाबाहेर पडेपर्यंत आभाळ कोरडं होतं. वर डोंगरात मात्र दुपारपासून कोसळत होता, ते नंतर कळलं. सिस्टरांच्या पेनड्राइव्हवर जुनी गाणी होती, हा मोठमोठ्यानं साथ देत चाललेला. गिरणीच्या पुढं रस्त्यावरचे दिवे संपतात. तिथून नदीपर्यंत दुतर्फा नुसती झाडं. झाडं सुरू झाली आणि टपावर टपटप सुरू झाली. मग एकदम धो धो. याला उलट बरंच वाटलं. म्हणाला, चला, खऱ्या पावसात परीक्षा होऊन जाऊ दे.

गाणं चालू राहिलं. थोडा वेळ.

मग हळूहळू आवाज खाली गेला. यानं बटण फिरवून वाढवला. पुन्हा खाली गेला. दिवा लागलेला, गाण्याचं नाव समोर सरकतंय, पण स्पीकरमधून गाणं नाही. स्पीकरमधून पाऊस.

पावसाचा आवाज. टपावर पडतो तसा. बाहेर पडतोय तसाच, आत स्पीकरमधूनही.

याला वाटलं, कुठंतरी पाणी शिरलं, खरखरतोय. पण ती खरखर नव्हती. कान देऊन ऐकलं तर त्यात वायपर होता. त्या गाडीच्या डावीकडच्या वायपरचं रबर गेलेलं होतं, काचेवरून परतताना कुईं करायचं. तेच कुईं स्पीकरमधून आलं... आणि मग काचेवरून आलं. आधी स्पीकरमधून. मग काचेवरून.

“उलटं ना? आधी काचेवरून...”

नाही गं. आधी स्पीकरमधून. नीट ऐक.

पुढं एक हॉर्न वाजला स्पीकरमधून. लांबलचक, घसा बसल्यासारखा. यानं आरशात बघितलं. मागं काळोख. समोरही काळोख. गाडी तशीच पुढं गेली, वळण आलं, आणि तिथल्या आडफाट्यातून एक ट्रक अंगावर आल्यासारखा आला. हॉर्न देत. लांबलचक. घसा बसल्यासारखा.

ट्रक निघून गेला. हा मनाला समजावतोय, योगायोग आहे, पाणी शिरलंय, उद्या सगळं पुन्हा उघडू.

तेवढ्यात स्पीकरमध्ये कुणीतरी खोकलं.

पुरुष होता. दोनदा खोकला आणि घसा साफ केला.

गाडीत हा एकटा. यानं मागच्या सीटकडं वळून बघितलं. कुणी नाही. पुन्हा समोर बघितलं, आणि... घशात खवखवलं. दाबून धरलं यानं. नाही राहवलं. दोनदा खोकला. घसा साफ केला.

तोच आवाज.

...

नाही, थांबलो नाही मी. आठवतोय. त्यानं मला जसं सांगितलं तसंच सांगायचंय.

त्यानं स्टीरिओचं बटण दाबलं. बंद होईना. पुन्हा दाबलं. कळलं त्याला, की हे खट् खट् त्यानं आत्ताच ऐकलं होतं, पावसाच्या आवाजात. जे जे तो करणार, ते स्पीकर आधी करत होता. गाडी जोरात चाललेली. पाय ॲक्सिलरेटरवर कसा राहिला ते त्यालाही माहीत नाही. त्याला फक्त ऐकायचं होतं. पुढं काय ते.

स्पीकरमध्ये चाकाखाली पाणी चिरल्याचा आवाज.

मग त्याचाच आवाज. एकच शब्द. “अरे...”

मग धाडकन काहीतरी.

मग... काही नाही. पाऊस नाही, वायपर नाही. फक्त बुडबुडे.

यानं सगळा जीव पायात आणून ब्रेक दाबला. गाडी सरकली. हेलकावली. थांबली.

इंजिन बंद पडलं. हेडलाइटच्या उजेडात रस्ता दिसत होता. थोडासाच. पुढं रस्ता नव्हता. पूल नव्हता, कठडा नव्हता. नुसतं तांबडं पाणी, आडवं, जोरात चाललेलं. आवाज न करता.

वाचला, असं वाटलं ना तुम्हाला? त्यालाही वाटलं. स्टिअरिंगवर डोकं टेकलं त्यानं. आईचं नाव घेतलं.

पण स्टीरिओ थांबला नव्हता.

हा काठावर होता. कोरडा. आणि स्पीकरमध्ये कुणीतरी आतून काचेवर मुठी मारत होतं. धप. धप. मग आवाज. पाण्यातून यावा तसा, जड. आधी शब्द कळेनात. मग कळले.

“दार... दार उघड...”

याचाच आवाज. याच्या बायकोलासुद्धा फरक कळला नसता.

धप.

धप...

...

यानं डॅशबोर्डखालून स्टीरिओच्या मागं हात घातला आणि हाताला लागल्या त्या सगळ्या वायरी ओढून तोडल्या. स्टीरिओचा दिवा गेला. आवाज गेला. तेव्हा कुठं त्याला बाहेरचा पाऊस ऐकू आला.

दार उघडून तो बाहेर पडला तो रांगतच. पण एक सांगतो तुम्हाला, पळून नाही गेला. गाडी ढकलून रस्त्यावर आडवी केली, इंडिकेटर लावले, आणि मोबाईलचा टॉर्च हलवत पहाटेपर्यंत पावसात उभा राहिला. एक दुधाचा टेम्पो आणि मोटारसायकलवरचे एक नवरा-बायको, एवढी माणसं त्यानं त्या रात्री मागं फिरवली. सिस्टरांना फोन करून सांगितलं, पूल गेलाय, सकाळी कुणाबरोबर तरी लांबच्या रस्त्यानं या. बाकी काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर गॅरेजवर आल्या. मी तिथंच होतो. फ्यूज खुर्चीत बसलेला, अंगात ताप, हातात चहाचा कप तसाच गार झालेला. त्यानं सगळं सांगितलं. मला वाटलं, या हसतील. त्या हसल्या नाहीत. फोन काढला आणि ज्याच्याकडून गाडी घेतली त्याला लावला, आम्हाला ऐकू येईल असा.

“तुमच्या गाडीचा स्टीरिओ दुरुस्त केला,” त्या म्हणाल्या. “काल रात्री पावसात चालू राहिला.”

पलीकडून नुसता श्वास.

मग तो माणूस अगदी हळू म्हणाला, “आवाज... कुणाचा होता?”

सिस्टरांनी फ्यूजकडं बघितलं. म्हणाल्या, “का? तुम्ही कुणाचा ऐकला होता?”

फोन बंद झाला. पुन्हा लागला नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही.

सिस्टर म्हणाल्या, “काढून टाका तो डबा. डुलकी येऊ नये म्हणून मी दुसरं काहीतरी बघेन.” आता त्यांची मुलगी पहाटे उठून त्यांना फोन करते, आणि घरी पोचेपर्यंत दोघी बोलत राहतात.

“आणि स्टीरिओ, काका?”

सांगतो. फ्यूजला काही तो हातात धरवेना. मेहुण्यानं काढून माझ्या हातात दिला. मी म्हटलं, जड का लागतोय रे एवढा? टेबलावर ठेवला, चार स्क्रू काढले, वरचा पत्रा उचलला.

गाडी नदीत गेली नव्हती. टायरसुद्धा काठाच्या अलीकडं होते. सीट कोरड्या, पायातली चटई कोरडी. मी स्वतः हात लावून बघितल्या.

तो डबा आतून गाळानं भरला होता. कोपऱ्याकोपऱ्यात, दाबून बसलेला, तांबडा, नदीचा गाळ. मेहुण्यानं स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यात घातलं, तसं पाणी वर आलं.

आणि त्या गाळात, पत्र्याच्या आतल्या बाजूला... माणसाच्या बोटांचे ठसे होते. आतून बाहेर ढकलल्यासारखे.